जिम थॉर्प आणि कार्लाइलचा फुटबॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळाविषयी लिहू लागल्यापासून वाचकांचे सर्वाधिक प्रश्न एकाच खेळाडूबद्दल येत राहिले आहेत. काही प्रश्न ऑलिंपिकच्या पदकांविषयी असतात. काही पेन्सिल्व्हेनियातील एका गावाच्या नावाविषयी असतात, कारण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारी मराठी मंडळी शरद ऋतूत पानांचे रंग पाहायला त्या गावी जातात आणि परतल्यावर हे नाव कोणाचे म्हणून विचारतात. मैदानावरचे थॉर्प आणि ज्या शाळेत ते घडले ती शाळा यांविषयी मात्र कमी विचारले जाते, म्हणून उत्तरांत त्या भागाला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

१. जिम थॉर्प नेमके कोण होते?

जिम थॉर्प हे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील अमेरिकन खेळाडू होते. पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलच्या संघातून ते १९०७, १९०८, १९११ आणि १९१२ या चार हंगामांत फुटबॉल खेळले. १९११ आणि १९१२ मध्ये त्यांची देशातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंच्या, म्हणजे 'ऑल-अमेरिकन' संघात निवड झाली. १९१२ च्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी पेंटॅथलॉन (पाच मैदानी प्रकारांची) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढे ते व्यावसायिक बेसबॉल आणि व्यावसायिक फुटबॉलही खेळले. बहुतेक ठिकाणी त्यांची ओळख 'ऑलिंपिकवीर' अशी करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण ऑलिंपिक हा त्यांच्या आयुष्यातला एक उन्हाळा होता आणि फुटबॉल ते वीस वर्षांहून अधिक काळ खेळले.

२. त्यांना 'इंडियन' म्हणतात, म्हणजे ते भारतीय वंशाचे होते का?

नाही. हा प्रश्न अनेकदा येतो आणि त्यात विचारणाऱ्याचा दोष नाही, कारण कोलंबसाच्या काळापासून चालत आलेली ही नावाची चूक अमेरिकेच्या कायद्यांत आणि संस्थांच्या नावांतही रुजली आहे. थॉर्प हे अमेरिकेतील मूळनिवासी समाजाचे होते. सॅक अँड फॉक्स या जमातीत त्यांची नोंद होती आणि आईकडून त्यांचे नाते पोटावाटोमी जमातीशी होते. वडील हायरम थॉर्प यांचे वडील आयरिश वंशाचे होते आणि आई शार्लट व्ह्यू यांच्या घराण्यात फ्रेंच रक्त होते. जन्मानंतर त्यांना मिळालेले जमातीतील नाव 'वा-थो-हक' असे होते. त्याचा अर्थ साधारणपणे 'उजळलेली वाट' असा सांगतात. जुन्या मराठी लेखनात 'रेड इंडियन' हा शब्द आढळतो, तो आता वापरू नये. संस्थेच्या नावात 'इंडियन' आहे तेथे ते तसेच ठेवून इतरत्र 'मूळनिवासी' म्हणणे योग्य.

३. त्यांच्या जन्माचे वर्ष कुठे १८८७, तर कुठे १८८८ का दिसते?

थॉर्प यांचा जन्म तेव्हाच्या 'इंडियन टेरिटरी'त, म्हणजे आजच्या ओक्लाहोमा राज्यातील प्रेग या गावाजवळ झाला. त्या भागात तेव्हा सरकारी जन्मनोंद होत नव्हती. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून २२ मे १८८७ ही तारीख धरतात, तर थॉर्प स्वतः २८ मे १८८८ सांगत. अभ्यासकांचा कल १८८७ कडे आहे. त्यांना चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. तो लहानपणीच न्यूमोनियाने गेला आणि त्यानंतर जिम शाळेतून वारंवार पळून घरी येऊ लागले.

४. कार्लाइल हे कॉलेज होते का? नसेल, तर त्यांना 'कॉलेज फुटबॉलपटू' कसे म्हणतात?

रूढ अर्थाने ते कॉलेज नव्हते. कार्लाइल ही केंद्र सरकारने चालवलेली निवासी शाळा होती. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुन्या लष्करी छावणीच्या इमारतींत ती सुरू केली. देशभरातील जमातींतून लहान मुलांपासून विशीतल्या तरुणांपर्यंत विद्यार्थी तेथे आणले जात. त्यांना लिहिणे, वाचणे, गणित आणि शिवणकाम, सुतारकाम, लोहारकाम, शेती असे व्यवसाय शिकवले जात. पदवी मिळत नसे.

फुटबॉलच्या मैदानावर मात्र हीच शाळा हार्वर्ड, प्रिन्स्टन, पेन्सिल्व्हेनिया अशा विद्यापीठांशी खेळत होती, आणि त्या सामन्यांची गणना तेव्हाही आणि आजही कॉलेज फुटबॉलमध्येच होते. त्या काळी कोणत्या संस्थेने कोणाशी खेळावे याचे आजच्यासारखे कडक नियम नव्हते. कार्लाइलचे बहुतेक मोठे सामने प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर होत, कारण मोठे प्रेक्षागार आणि तिकिटांचे उत्पन्न तेथे असे. त्यामुळे हा संघ हंगामभर रेल्वेने फिरत राहायचा, आणि दमून उतरल्यावर पुन्हा श्रीमंत विद्यापीठाच्या ताज्या संघासमोर उभा राहायचा.

५. त्या शाळेतले आयुष्य प्रत्यक्षात कसे होते?

फुटबॉलच्या गोष्टी सांगताना हा भाग गाळला जातो आणि मला ते खटकते. प्रॅट यांनी १८९२ च्या एका भाषणात आपले धोरण उघड सांगितले होते: आतल्या इंडियनला मारा आणि माणसाला वाचवा. शाळेत येताच मुलांचे लांब केस कापले जात, घरचे कपडे काढून गणवेश चढवला जाई, नवे इंग्रजी नाव दिले जाई आणि स्वतःच्या भाषेत बोलण्याला बंदी असे. दिवस बिगुलावर सुरू होई. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस कारखान्यात किंवा शेतात काम, असा क्रम असे. शिस्त मोडणाऱ्यांसाठी आवारात कोठडी होती. आल्यावर आणि काही महिन्यांनंतर मुलांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापून 'सुधारणा' लोकांना दाखवली जाई.

सुट्टीतही अनेक मुले घरी जात नसत. 'आउटिंग' नावाच्या पद्धतीत त्यांना आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडे शेतावर किंवा घरकामाला ठेवले जाई. थॉर्प १९०४ मध्ये तेथे दाखल झाले तेव्हा त्यांची आई आधीच वारली होती, आणि त्याच वर्षी वडीलही गेले. म्हणजे कार्लाइलमधली त्यांची वर्षे ही पोरक्या मुलाची वर्षे होती. त्यांनाही शेतांवर पाठवण्यात आले, शाळेत त्यांना शिवणकामाच्या विभागात घातले होते, आणि त्यांचा पहिला फुटबॉलही त्या विभागाच्या संघातलाच होता. ओक्लाहोमातल्या त्यांच्या वाट्याच्या जमिनीचे भाड्याचे पैसेसुद्धा त्यांना थेट मिळत नसत. ते सरकारी एजंटाच्या हाती असत आणि हवे तेव्हा अर्ज करून मागावे लागत. प्रश्न ११ मध्ये येणारे 'सारे ठाऊक नव्हते' हे त्यांचे म्हणणे वाचताना ही परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवावी.

या सगळ्यात फुटबॉल हा काही मुलांसाठी मोकळ्या श्वासाचा भाग होता. संघातल्या खेळाडूंना राहायला वेगळी इमारत असे, जेवण चांगले असे, प्रवास घडे, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी त्यांच्या लोकांची जमीन घेतली त्यांच्या मुलांना समान नियमांखाली, पंचासमोर, हरवण्याची संधी मिळे. पण संघाने कमावलेला पैसा आणि कीर्ती शाळेचीच होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

६. हा आपल्याकडचा फुटबॉल आहे का? त्या काळी तो कसा खेळत?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळत प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत नेणे, आणि त्याने अंगावर येऊन, म्हणजे 'टॅकल' करून, ते रोखणे हे याचे मूळ रूप. चेंडू रेषेपलीकडे नेला की 'टचडाउन' आणि खांबांमधून आडव्या दांडीवरून लाथेने मारला की 'फील्ड गोल'.

थॉर्प यांच्या काळात हा खेळ झपाट्याने बदलत होता. मैदानावरचे मृत्यू आणि गंभीर दुखापती इतक्या वाढल्या की १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि घोळका करून धडक मारण्याच्या युक्त्यांना आळा बसू लागला. फील्ड गोलचे गुण १९०९ पासून तीन झाले. टचडाउनचे गुण १९११ पर्यंत पाच होते आणि १९१२ मध्ये सहा झाले. ठरावीक अंतर कापण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्नही १९१२ पासूनच मिळू लागले. जुने धावफलक वाचताना हे लक्षात ठेवले नाही, तर बेरीज जुळत नाही.

आजच्यासारखे आक्रमणाचे वेगळे आणि बचावाचे वेगळे खेळाडू तेव्हा नव्हते. थॉर्प हाफबॅक म्हणून चेंडू घेऊन पळत, बचावात टॅकल करत, लांब लाथा मारून चेंडू दूर पाठवत आणि फील्ड गोलही मारत. चामड्याचे पातळ शिरस्त्राण मिळत असे, पण ते घालणे सक्तीचे नव्हते आणि अनेक जण उघड्या डोक्याने खेळत.

७. ते संघात कसे आले?

प्रचलित कथा अशी: १९०७ च्या वसंतात मैदानावरून जाताना त्यांनी उंच उडीचा सराव करणारी मुले पाहिली आणि अंगातल्या कामाच्या कपड्यांनिशी ५ फूट ९ इंचांची उडी मारली. प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी थॉर्प यांना धावण्या-उड्यांच्या चमूत घेतले. 'पॉप' या टोपणनावाने ओळखले जाणारे वॉर्नर त्या काळचे अत्यंत कल्पक प्रशिक्षक होते. फुटबॉलमध्ये हा मुलगा जखमी होईल या भीतीने ते त्याला संघात घ्यायला नाखूश होते. अखेर कंटाळून त्यांनी त्याला चेंडू दिला आणि संपूर्ण बचावफळीला टॅकलचा सराव द्यायला सांगितले. थॉर्प सगळ्यांना चुकवून पलीकडे गेले, आणि पुन्हा तसेच करून दाखवले.

कथेचा तपशील पुढच्या सांगण्यांत रंगला असेल, पण निकाल नोंदींत आहे. १९०७ मध्ये ते मुख्यतः राखीव खेळाडू होते. त्या वर्षी कार्लाइलने पेन्सिल्व्हेनियाला २६–६ आणि हार्वर्डला २३–१५ असे हरवले आणि केवळ प्रिन्स्टनकडून सामना गमावला. १९०८ मध्ये थॉर्प नियमित खेळू लागले आणि ऑल-अमेरिकनच्या तिसऱ्या संघात त्यांचे नाव आले.

८. १९०९ आणि १९१० या वर्षांत ते कुठे होते?

त्यांनी शाळा सोडली होती. १९०९ च्या उन्हाळ्यात ते नॉर्थ कॅरोलायना राज्यात बेसबॉल खेळायला गेले. प्रथम रॉकी माउंट या गावाच्या संघातून आणि पुढच्या वर्षी काही काळ फेयटव्हिलच्या संघातून, अशा ईस्टर्न कॅरोलायना लीगच्या दोन उन्हाळी मोसमांत ते खेळले. मोबदला किरकोळ होता. सामन्यामागे दोन डॉलरपासून आठवड्याला ३५ डॉलरपर्यंतचे आकडे सांगितले जातात. त्यानंतर ते ओक्लाहोमात राहिले. तेथे १९११ मध्ये जुने सहकारी अल्बर्ट एक्सेंडाइन यांची गाठ पडली, परतण्याचा विषय निघाला, आणि वॉर्नर यांनी त्यांना पुन्हा बोलावून घेतले. या दोन उन्हाळ्यांनीच पुढे काय केले ते प्रश्न ११ मध्ये आहे.

९. १९११ च्या हार्वर्डविरुद्धच्या सामन्याचे एवढे काय महत्त्व आहे?

११ नोव्हेंबर १९११ रोजी हार्वर्डच्याच मैदानावर कार्लाइलने हार्वर्डला १८–१५ असे हरवले. हार्वर्ड त्या काळचा बलाढ्य संघ होता, इतका की कार्लाइलसाठी मुख्य खेळाडू खर्च करण्याची गरज त्यांना सुरुवातीला वाटली नाही आणि राखीव खेळाडू उतरवण्यात आले. मुख्य खेळाडू आले ते उशिरा, सामना हातातून निसटू लागल्यावर.

थॉर्प यांचा पाय आधीच दुखावलेला होता आणि त्यावर जाड पट्ट्या बांधल्या होत्या. त्याच अवस्थेत त्यांनी चार फील्ड गोल मारले. तेव्हाच्या गुणपद्धतीने हे बारा गुण झाले, आणि एका टचडाउनचे पाच व त्यानंतरच्या जादा लाथेचा एक गुण मिळून अठरा. शेवटचा फील्ड गोल मैदानाच्या जवळपास मध्यातून मारलेला होता आणि त्यानेच विजय निश्चित झाला. त्या हंगामात कार्लाइलने बारांपैकी अकरा सामने जिंकले. एकमेव पराभव सिरॅक्यूजकडून, १२–११ असा, एका गुणाने झाला. मला स्वतःला १९१२ च्या आकड्यांपेक्षा हा सामना मोठा वाटतो, कारण येथे थॉर्प त्यांच्या वेगाने जिंकले नाहीत. नीट पळता येत नसतानाही त्यांनी सामना खेचून आणला.

१०. आयझेनहॉवर यांचा गुडघा थॉर्प यांनी मोडला, हे खरे आहे का?

असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, परंतु घटनांचा क्रम तसा नाही. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे कार्लाइलने लष्करी अकादमीच्या संघाला २७–६ असे हरवले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर त्या दिवशी अकादमीकडून खेळत होते आणि थॉर्प यांना रोखण्याच्या प्रयत्नात होते. त्यांचा गुडघा मात्र पुढच्या आठवड्यातील टफ्ट्स कॉलेजविरुद्धच्या सामन्यात दुखावला. नंतर घोडेस्वारीच्या कवायतीत तो पुन्हा जायबंदी झाला आणि त्यांचे फुटबॉल तेथेच संपले. उतारवयात एका भाषणात त्यांनी थॉर्प यांच्या खेळाची मनापासून स्तुती केली होती.

गुडघ्याच्या कथेमुळे या सामन्याचा खरा आशय झाकला जातो. साउथ डकोटातील वुंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या स्त्री-पुरुष आणि मुलांची हत्या केली त्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षे झाली होती. कार्लाइलच्या खेळाडूंमध्ये असे तरुण होते ज्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सैन्याच्या बंदुका पाहिल्या होत्या. समोर त्याच सैन्याचे भावी अधिकारी उभे होते.

त्या हंगामात थॉर्प यांच्या नावावर किती टचडाउन जमा आहेत यावर दोन उत्तरे मिळतील: एका मोजणीत २५ टचडाउन आणि १९८ गुण, तर दुसऱ्या मोजणीत २७ टचडाउन आणि २२४ गुण. अधिकृत आकडेवारी ठेवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. वर्तमानपत्रांतील वृत्तांतांवरून नंतर बेरीज केली गेली, म्हणून हा फरक आहे. त्या वर्षी कार्लाइलने बारा सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि एक गमावला.

११. ऑलिंपिकची पदके त्यांच्याकडून का काढून घेतली?

जुलै १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे थॉर्प यांनी पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत पहिला क्रमांक मिळवला. डेकॅथलॉनमध्ये दुसऱ्या क्रमांकावरील स्वीडनचे ह्यूगो विसलांडर सुमारे सातशे गुणांनी मागे राहिले. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील एका वर्तमानपत्राने त्यांच्या नॉर्थ कॅरोलायनातील बेसबॉलची बातमी छापली. ऑलिंपिक तेव्हा केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. कोणत्याही खेळातून पैसे घेतलेला माणूस व्यावसायिक ठरत असे, मग तो खेळ ऑलिंपिकमध्ये असो वा नसो.

थॉर्प यांनी आरोप नाकारला नाही. हौशी खेळाडूंच्या संघटनेचे सचिव जेम्स सलिव्हन यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले की आपण शाळेत शिकणारा एक इंडियन मुलगा होतो आणि अशा गोष्टींविषयी आपल्याला सारे ठाऊक नव्हते, म्हणून थोडी तरी क्षमा व्हावी. त्याच काळात अनेक महाविद्यालयीन खेळाडू उन्हाळ्यात खोटी नावे घेऊन पैशांसाठी बेसबॉल खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळले होते, म्हणूनच ते सापडले. संघटनेने त्यांचे हौशीपण पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केले, पदके परत पाठवली गेली आणि नोंदवहीतून नाव खोडले गेले.

१२. त्या वेळच्या नियमांनुसार ती कारवाई वैध होती का?

नव्हती, आणि या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. १९१२ च्या स्पर्धेच्या नियमांत एखाद्या स्पर्धकाच्या पात्रतेविषयीची हरकत स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत घेतली पाहिजे असे स्पष्ट कलम होते. बातमी आली ती सुमारे सहा महिन्यांनी. म्हणजे थॉर्प यांनी हौशीपणाचा नियम मोडला होता हे मान्य केले तरी पदके काढून घेण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. अमेरिकन अधिकाऱ्यांनी हे कलम पुढे केले नाही. उलट त्यांनीच माफी मागण्याची घाई केली.

१३. प्रशिक्षक वॉर्नर यांना बेसबॉलविषयी आधीच माहीत होते का?

आपल्याला काही ठाऊक नव्हते अशीच भूमिका वॉर्नर यांनी घेतली, आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनीही. बहुतेक चरित्रकारांना ते पटत नाही आणि मलाही पटत नाही. आपला सर्वोत्तम खेळाडू दोन वर्षे कुठे गेला हे ज्याने त्याला परत आणले त्याला ठाऊक नसणे अवघड आहे, तेही त्या लीगच्या संघांतून कार्लाइलची इतर मुलेही खेळलेली असताना. १९१४ मध्ये संसदेच्या समितीने कार्लाइलच्या कारभाराची चौकशी केली. तीत फुटबॉलच्या उत्पन्नाच्या वापरावर आणि वॉर्नर यांच्या वागण्यावर विद्यार्थ्यांनी साक्षी दिल्या. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा डाव चालवणारा खेळाडू, गस वेल्च हा त्या साक्षीदारांपैकी एक होता. फ्रीडमन यांना पद सोडावे लागले. वॉर्नर पिट्सबर्ग विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांची कारकीर्द पुढेही बहरली. शिक्षा पूर्णपणे भोगली ती थॉर्प यांनी एकट्याने.

१४. पदके १९८२ मध्ये परत मिळाली की २०२२ मध्ये?

दोन्ही वर्षे बरोबर आहेत, पण दोन वेळा मिळालेली गोष्ट एकच नव्हती. प्रश्न १२ मधील तीस दिवसांचे कलम संशोधकांनी अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयातील जुन्या नियमपुस्तिकेतून शोधून काढल्यानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यांचे नाव पुन्हा दाखल केले. जानेवारी १९८३ मध्ये त्यांच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या. परंतु तेव्हा त्यांना 'सह-विजेते' ठरवले गेले. विसलांडर आणि पेंटॅथलॉनमधील नॉर्वेचे फर्डिनांड बी यांची सुवर्णपदके कायम राहिली.

१५ जुलै २०२२ रोजी समितीने थॉर्प यांना दोन्ही स्पर्धांचे एकमेव विजेते म्हणून जाहीर केले. विसलांडर यांचे कुटुंबीय आणि स्वीडन व नॉर्वेच्या ऑलिंपिक समित्या यांनी त्याला संमती दिली. विसलांडर यांनी स्वतः ते सुवर्णपदक आपले कधी मानलेच नव्हते, असेही त्या वेळी सांगण्यात आले. मूळ पदके संग्रहालयांतून चोरीला गेली आणि ती आजतागायत सापडलेली नाहीत.

१५. स्वीडनच्या राजाने त्यांना 'जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू' म्हटले आणि ते 'थँक्स, किंग' म्हणाले, हे खरे का?

राजे गुस्ताव पाचवे यांनी त्यांना पारितोषिके दिली हे निश्चित आहे. ती वाक्ये पुढच्या सांगण्यांतून प्रसिद्ध झाली आणि शब्दशः तशीच होती याची खात्री देता येत नाही. दोन वेगवेगळे बूट घातलेले त्यांचे छायाचित्र मात्र अस्सल आहे. त्यांचे बूट गहाळ झाल्यामुळे मिळेल ती जोडी त्यांनी पायात घातली, असे त्याचे कारण सांगतात.

१६. कार्लाइल सोडल्यानंतर ते काय करत होते?

कार्लाइलसाठीचा त्यांचा शेवटचा सामना १९१२ च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउन विद्यापीठाविरुद्ध झाला आणि तो संघाने ३२–० असा जिंकला. १९१३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाशी करार केला. वरच्या पातळीवर १९१९ पर्यंत खेळताना त्यांची फलंदाजीची सरासरी .२५२, म्हणजे चार प्रयत्नांत साधारण एक यशस्वी फटका, अशी राहिली. ती चांगली असली तरी असामान्य नव्हती.

फुटबॉलने त्यांना सोडले नाही. १९१५ मध्ये ओहायोतील कँटन बुलडॉग्स संघाने त्यांना सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले. ही रक्कम तेव्हा मोठी होती, आणि त्यांना पाहायला गर्दी लोटू लागली. १९२० मध्ये कँटन येथेच व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली तेव्हा नावाला वजन असावे म्हणून तिचे पहिले अध्यक्षपद थॉर्प यांना देण्यात आले. हीच संघटना १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आजची एनएफएल, म्हणून ओळखली जाते. १९२२ आणि १९२३ मध्ये ते ओरँग इंडियन्स या केवळ मूळनिवासी खेळाडूंच्या संघाचे खेळाडू व प्रशिक्षक होते. तो संघ एका कुत्रे-पैदास केंद्राच्या मालकाने जाहिरातीसाठी काढला होता. १९२८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते थांबले.

१७. त्यांचा शेवट गरिबीत झाला, हे खरे आहे का?

होय. खेळ संपल्यानंतर आलेल्या मंदीच्या काळात त्यांनी चित्रपटांत लहानसहान भूमिका केल्या, खड्डे खणण्याची मजुरी केली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मालवाहू जहाजावर नोकरी केली. दारूचा त्रासही होता. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक भरले तेव्हा त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते. हे कळल्यावर उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस, जे स्वतः कॉ जमातीच्या वंशातले होते, त्यांनी थॉर्प यांना आपल्यासोबत बसवले.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पाहणीत क्रीडा पत्रकारांनी त्यांना अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. पुढच्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावरील त्यांची शस्त्रक्रिया धर्मादाय रुग्ण म्हणून करावी लागली. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

१८. पेन्सिल्व्हेनियातील 'जिम थॉर्प' गावात ते राहत होते का?

नाही, आणि ते गाव कार्लाइलही नव्हे. निधनानंतर ओक्लाहोमात जमातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी सुरू असताना त्यांच्या तिसऱ्या पत्नी पॅट्रिशिया यांनी पार्थिव तेथून हलवले. राज्याने स्मारकाला पैसे नाकारले होते. दुसरीकडे पेन्सिल्व्हेनियातील मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही कोळशाच्या उतरत्या व्यापारामुळे खंगलेली दोन गावे नव्या ओळखीच्या शोधात होती. बोलणी होऊन १९५४ मध्ये ती एकत्र आली, 'जिम थॉर्प' हे नाव घेतले आणि तेथे समाधी बांधली. समाधीखाली ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या मैदानाची माती ठेवली आहे. त्या गावकऱ्यांनी समाधीची निगा आस्थेने राखली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

१९. मग त्यांच्या मुलांनी त्या गावावर खटला का भरला? आणि निकाल काय लागला?

मूळनिवासींचे मानवी अवशेष जमातीकडे परत करण्याविषयी १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला. त्या आधारे थॉर्प यांचे पुत्र जॅक यांनी २०१० मध्ये दावा दाखल केला. ते २०११ मध्ये वारल्यावर त्यांचे भाऊ आणि सॅक अँड फॉक्स जमात पुढे आली. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. कायदा संग्रहालयांसाठी आहे आणि पत्नीच्या इच्छेने झालेल्या दफनाला तो लावता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला, म्हणून थॉर्प आजही तेथेच आहेत. मुलांनाही या प्रश्नावर एकमत साधता आले नव्हते, आणि बाहेरच्या वाचकाने त्यात पटकन बाजू घेऊ नये असे मला वाटते. अंत्यविधी अर्धवट राहिला, ही जमातीची वेदना मात्र कोणत्याही निकालाने मिटलेली नाही.

२०. कार्लाइलची शाळा आज पाहता येते का?

शाळा १९१८ मध्ये बंद झाली आणि ती जागा पुन्हा लष्कराकडे गेली. १९५१ पासून तेथे यू. एस. आर्मी वॉर कॉलेज आहे. आवार लष्करी असल्यामुळे प्रवेशासाठी आधी परवानगी आणि ओळखपत्र लागते. डिसेंबर २०२४ मध्ये शाळेच्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा जाहीर झाला. थॉर्प ज्या मैदानावर सराव करत ते तेथेच आहे. शाळेत असताना वारलेल्या मुलांची दफनभूमीही तेथेच आहे. २०१७ पासून लष्कर त्यातील मुलांचे अवशेष कुटुंबांच्या मागणीवरून त्यांच्या जमातींकडे पाठवत आहे, आणि घरचे नातेवाईक त्यांना न्यायला स्वतः कार्लाइलला येतात.